घशात काही नाही

युआनलिन, ४ सप्टेंबर

ताई,

हातानं लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. वेइ साहेबांनी सांगितलंय म्हणून लिहितोय. आठवड्यातून एकदा जवळच्या माणसाला पानभर पत्र लिहायचं, असा त्यांच्या कार्यक्रमाचा नियम आहे. आधी बायकोला लिहिलं. तिनं ताइपेहून फोन करून विचारलं, "घटस्फोट हवाय का? सरळ सांग." म्हणून आता तुझी पाळी.

वेइ साहेब म्हणजे दवाखान्यांचे सल्लागार. त्यांना बोलवायचं कारण तुला म्हणून सांगतो, दाजींना सांगू नकोस. गेल्या महिन्यात एका रोग्याच्या कानात दुर्बीण घातली आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. रोगी बिचारा हललासुद्धा नाही. त्याला वाटलं, मी खोलवर बघतोय. बाहेर जाऊन म्हणाला, असा मन लावून तपासणारा कान-नाक-घशाचा डॉक्टर उभ्या युआनलिनमध्ये नाही. त्याची अख्खी गल्ली दुसऱ्या दिवशी रांगेत.

वेइ साहेबांनी भरपूर प्रश्न विचारले आणि म्हणाले, "डॉक्टर, हा बर्नआउट. तुम्ही करपला आहात." ताई, इतक्या वर्षांत माझ्या तब्येतीची चौकशी करणारा हा पहिलाच माणूस, मला भरून आलं. त्यांचा उपाय सोपा आहे. एका रोग्यामागचा वेळ कमी करायचा आणि वाचलेल्या वेळात विश्रांती घ्यायची. वेळ खरंच वाचला. पण तेवढ्या वेळात आणखी रोगी मावतात असं आमच्या लक्षात आलं, म्हणून विश्रांती तूर्त पुढे ढकलली आहे.

तू फोनवर निरोप ठेवला होतास की चंद्रोत्सवाला आईला घेऊन ये. जमणार नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिन्ही वेळा दवाखाना भरलेला असतो. आई मजेत आहे. माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहते, तिला काय होणार? रोज डबा ठेवते, मी रोज रिकामा करतो. आमचं छान चाललंय.

पान भरलं.

पेइलिन

---

मागोंग, ११ सप्टेंबर

पेइलिन,

पत्र मिळालं. विजेचं बिल समजून तुझ्या दाजींनी फोडलं आणि वाचून हसता हसता सुकत घातलेल्या माकुळ मासळीवर बसले. तेव्हा कानातली गोष्ट आता सगळ्या बंदराला ठाऊक आहे. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. मी निवृत्त झाले म्हणून माझी लाल शाई निवृत्त झालेली नाही.

तुझ्या त्या वेइ साहेबांचं मला काही कळलं नाही. भात करपला तर माणूस आच कमी करतो. तू आच वाढवलीस आणि वर भात ढवळायला सल्लागार नेमलास!

आई कशी आहे विचारलं, तर डब्याबद्दल लिहितोस. डबा कसा आहे हे मी विचारलं नव्हतं. तू तिला शेवटचं समोर बसून कधी पाहिलंस? तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा यंत्रानं गोड आवाजात सांगितलं, की डॉक्टर रुग्णसेवेत आहेत. मी काय रुग्ण होऊन येऊ?

तिच्यासाठी सुकी माकुळं पाठवते आहे. डब्याच्या बदल्यात तेवढी वर नेऊन दे. हातात दे, फ्रिजमध्ये नको.

ताई

---

युआनलिन, २ ऑक्टोबर

ताई,

माकुळं मिळाली. आमानकरवी वर पाठवली. (आमान म्हणजे आपली काउंटरवरची, ती जाडजूड, तुझ्या लग्नात रडली होती ती.)

रागावू नकोस, पण दवाखान्यात आता क्रांती झाली आहे. दारातच यंत्र आहे. रोगी विम्याचं कार्ड घालतो, तक्रार निवडतो, नंबर घेतो. माझ्या स्क्रीनवर नंबर आणि तक्रार एवढंच दिसतं. नावं वेइ साहेबांनी काढून टाकली. ते म्हणतात, नाव दिसलं की डॉक्टर विचारतो, "कुठले तुम्ही? अमक्याचे कोण?" आणि तिथून वेळेची नासाडी सुरू होते. रोग्याचा मास्क खाली, जीभ बाहेर, कॅमेरा आत. मी स्क्रीनवर घसा बघतो, औषध टाकतो, पुढचा नंबर. चेहऱ्याकडे बघायची गरजच नाही. माझी मानही दुखायची थांबली.

कामाच्या वेळात कुणी माझ्याशी बोलायचं नाही, असाही नियम आहे. आमानला रंगीत पुठ्ठे दिले आहेत. लाल म्हणजे रोगी गंभीर, पिवळा म्हणजे रोगी कटकट्या, हिरवा म्हणजे तुमचं जेवण आलंय. बिचारीला अजून सवय नाही. परवा काचेपलीकडून तिन्ही पुठ्ठे एकदम हलवत होती. मी दुर्लक्ष केलं.

पण एवढं करूनही काही माणसं वेळ खातातच. एक म्हातारी आहे. विणलेली टोपी कानांपर्यंत ओढून येते. तक्रार एकच, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मी पाहिलं, घसा धुतलेल्या वाटीसारखा स्वच्छ. म्हटलं, "आजी, घशात काही नाही." पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. पुन्हा काही नाही. तिसऱ्या वेळी तर कॅमेरा काढल्याबरोबर "बाळा, माझ्या डोळ्यांचं जरा..." असं सुरू केलं. मी म्हटलं, डोळ्यांचा दवाखाना समोरच्या गल्लीत, पुढचा नंबर. ही रिकामटेकडी माणसं डॉक्टरला करपवतात. वेइ साहेब म्हणाले, अशांसाठी ते यंत्रात सोय करतील.

पेइलिन

---

मागोंग, १० ऑक्टोबर

पेइलिन,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून.

टोपी कोणत्या रंगाची होती? गडद तपकिरी, वर गोंडा, आणि उजव्या बाजूला एक टाका सुटलेला?

काल आईशी तासभर बोलले. तिनं मला एका गोष्टीची शपथ घातली आहे, म्हणून माझी लेखणी इथेच थांबवते. मास्तरणीला गप्प बसवणं किती कठीण असतं, ते तुला ठाऊक आहे. एवढंच सांगते. त्या म्हातारीला हाकलू नकोस. पुढच्या वेळी आली की स्क्रीन सोडून जरा वर बघ. तुझी मान मोडणार नाही.

दाजी विचारतात, लाल-पिवळ्यासारखा "शुद्धीवर या" असा पुठ्ठा कोणत्या रंगाचा असतो?

ताई

---

युआनलिन, ६ नोव्हेंबर

ताई,

टोपीचा रंग मला कसा आठवणार? आणि तू शिंपीण कधीपासून झालीस?

उशीर झाला, कारण मी विश्रांतीत फार गुंतलो होतो. वेइ साहेबांनी जिल्ह्यातल्या करपलेल्या डॉक्टरांचं शिबिर घेतलं. दर रविवारी, सकाळी सातपासून. झाडाला मिठी मारणे, श्वास मोजणे, मनुका अतिशय सावकाश खाणे. मनगटाला एक पट्टा बांधतात, कोण किती शांत आहे ते त्यात कळतं आणि भिंतीवर क्रमवारी लागते. पहिल्या रविवारी मी तळाला होतो. फार लागलं मनाला. मग जिद्दीला पेटलो. दुपारच्या सुट्टीत सराव केला, शेजारचे दाताचे डॉक्टर डुलकी काढायचे तेव्हा मी डोळे मिटून शांत होण्याची मेहनत करायचो. गेल्या रविवारी मी दुसरा आलो. पहिला आलेला गृहस्थ तपासला तेव्हा कळलं की तो बेशुद्ध होता. लो शुगर. त्यामुळे खरं म्हणजे पहिला मीच.

त्या म्हातारीचा प्रश्नही सुटला. वारंवार येऊन काही न निघणाऱ्यांचं कार्ड आता यंत्रच परत करतं आणि सांगतं, "आपली प्रकृती उत्तम आहे, अभिनंदन." यंत्राच्या नोंदीवरून दिसतं, म्हातारीनं कार्ड तीनदा घातलं, तीनदा अभिनंदन ऐकलं आणि गेली. त्यानंतर आली नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या नेहमीच्या दिवशी, नंबर पुकारताना, जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. वेइ साहेब म्हणाले, हे करपण्याचंच लक्षण, एक रविवार वाढवू या.

आई बहुतेक देवळाच्या उत्सवात अडकली आहे. हल्ली डबा नसतो. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे गोळे आणतो. तिला फोन केलास तर विचार, डबा कधी सुरू होणार.

पेइलिन

---

मागोंग, १३ नोव्हेंबर

पेइलिन,

शपथ मोडते आहे. पाप लागलं तर मला लागू दे.

आई देवळात नाही. आई माझ्याकडे आहे. तुझ्या यंत्रानं अभिनंदन केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताइचुंगहून विमानात बसून एकटी इथे बेटावर आली. तुला चिठ्ठी लिहीत होती, पण म्हणाली, अक्षरं दिसत नाहीत. बॅग घेऊन जिना उतरली, तुझ्या दवाखान्याच्या दारावरून गेली. आज चौदा दिवस झाले. चौदा दिवस आई घरात नाही आणि तुला फक्त डबा दिसेनासा झाला!

ती टोपीवाली म्हातारी तुझी आई आहे, गाढवा.

मी तिला विचारलं, अगं, पोटच्या पोराला भेटायला नंबर कसला लावतेस? तर म्हणते, "वर मी झोपले की तो येतो. मी बाजारातून येईपर्यंत तो उतरलेला असतो. खाली निदान नंबर आला की तो असतोच. हनुवटी धरतो, दिवा लावतो, नीट बघतो. हात बापासारखेच ऊबदार आहेत. सांगू नकोस हं त्याला. कळलं तर ओशाळेल, आणि मग मला बाहेरच बसवून ठेवतील."

तू तिची जीभ पाहिलीस, पडजीभ पाहिलीस, टॉन्सिल पाहिलेस. चेहरा तेवढा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तुझ्या तर कळसा डोक्यावर होता आणि तू झाडांना मिठ्या मारत हिंडत होतास.

आता कामाचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्यानं तर फक्त उजेड कळतो. महिनाभर ती तुला हेच विचारायला येत होती की ऑपरेशन कुठे करू. जिना उतरताना भिंत चाचपत यायची. परवा इथल्या रुग्णालयात दाखवलं. आठ डिसेंबरची तारीख मिळाली आहे. तू यायलाच हवं असं नाही. आम्ही आहोत. तुझी रांग मोडायला नको.

ताई

---

युआनलिन, २० नोव्हेंबर

ताई,

दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी यंत्राला दोष दिला होता, दुसऱ्यात तुला, आधी का नाही सांगितलंस म्हणून.

तुझं पत्र दुपारी आलं. एरवी अंधारातच झोपायला जातो, त्या दिवशी भर दिवसा मी वर गेलो. तिची खोली आवरलेली होती. फ्रिजला एक कागद लावलेला होता. त्यावर हाताएवढी मोठी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती: "वरच्या कप्प्यात मुळ्याचं सूप." सूप नासलं होतं. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. खाली आमान पुठ्ठे हलवत असणार.

संध्याकाळी आमानला विचारलं, तुला माहीत होतं ना? ती ओरडलीच. "माहीत होतं ना म्हणजे? पहिल्या दिवसापासून हात दुखेपर्यंत पुठ्ठे हलवले! लाल हलवला, पिवळा हलवला, हिरवासुद्धा हलवला! तुमची आई आली आहे याला पुठ्ठाच नव्हता!" मग रडली. तुझ्या लग्नातल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी नावं परत स्क्रीनवर आणायला लावली. पहिल्याच रोग्याला विचारलं, "काय, मुलं कशी आहेत?" तो घाबरला. म्हणाला, "डॉक्टर, काही वाईट निघालंय का?" दुसरी बाई म्हणाली, बाहेर स्कूटर चालू ठेवून आलेय, गप्पा नकोत, गोळ्या द्या. तिसऱ्यानं बाहेर जाऊन सांगितलं की डॉक्टरांचं लग्न मोडलेलं दिसतंय, आत बोलवून बोलवून बोलतात. दुपारपर्यंत रांग मासळीबाजारापर्यंत गेली आणि लोक मला शिव्या देत होते. ताई, मीच त्यांना ही सवय लावली. तरीही मी वर बघत राहिलो. त्यातल्या निम्म्या लोकांना मी घशावरून ओळखत होतो, चेहऱ्यावरून नाही.

वेइ साहेबांना सांगितलं, आठ डिसेंबरला दवाखाना बंद. ते म्हणाले, "उत्तम! याला आपण मातृविश्रांती म्हणू. पट्टा बांधून जा, आकडे चांगले येतील." पट्टा मी त्यांच्याच हातात दिला.

येतोय. ती भेटायला तयार आहे का, तेवढं विचार. नको म्हणाली तर बाहेर बसेन.

पेइलिन

---

मागोंग, १८ डिसेंबर

पेइलिन,

पोचल्याचा फोन आला. तू स्वतः केलास, यंत्रानं नाही, म्हणून दाजींनी तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवली.

तू रुग्णालयात जो तमाशा केलास, तो अजून इथे गाजतो आहे. डोळ्यांच्या त्या तरुण डॉक्टरनं आईचा डोळा पाहिला, "छान," म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं, तर तू लालबुंद! "अहो, तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही! त्या घाबरल्यात, दिसत नाही का? त्यांचं नाव काय आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?" अख्खा कॉरिडॉर गोळा झाला. मला भिंतीकडे तोंड करून हसावं लागलं. तो पोरगा नम्रपणे म्हणाला, "काका, बाहेर खूप लोक बसलेत." तेव्हा तुझा चेहरा जो झाला, तो आईला पट्टीमुळे दिसला नाही. तिचं नशीब.

आता ऐक. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा तुझ्याकडे पाहून ती काय म्हणाली, ते तू ऐकलंस. "हा इतका म्हातारा कधी झाला?" तू हसलास, पण मग बराच वेळ बाहेर वाऱ्यात उभा होतास. विमान सुटल्यावर ती मला म्हणाली, "तो झोपत नाही गं. रागावू नकोस त्याच्यावर. आपण त्याला डॉक्टर केलं तेव्हा सगळ्या गल्लीत मिठाई वाटली, तो झोपतो का ते कुणी विचारलं नाही." मी तुझ्यावर रागावणार होते, तेही तिनं राहू दिलं नाही.

दुसरा डोळा जानेवारीत. नववर्षानंतर वारा पडला की ती परत येईन म्हणते. इथल्या आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरला ती कंटाळली आहे. त्याच्याकडे रोगीच नसतात, म्हणून तिला तासभर बसवून मासेमारीच्या गोष्टी सांगतो. म्हणते, "पेइलिन बरा. लवकर सोडतो."

ताई

---

युआनलिन, १४ मार्च

ताई,

आईला येऊन तीन आठवडे झाले. आता तिला सगळं दिसतं, म्हणून माझी पंचाईत झाली आहे. माझ्या कॉलरवरचे डाग, पडद्यांवरची धूळ, आमाननं केस रंगवलेत ते. आल्या आल्या जिन्याला कठडा बसवून घेतला. "मला नको, तुला लागेल," म्हणाली.

दवाखान्याबद्दल खोटं सांगत नाही. क्रांती वगैरे झालेली नाही. रांग पूर्वीइतकीच आहे, मी अजूनही घाईतच बघतो. लोक थांबायला तयार नाहीत आणि मी सगळ्यांना सोडायला. पण नावं स्क्रीनवर आहेत आणि बुधवारची संध्याकाळ बंद ठेवली आहे. माझे रोगी मिळाले म्हणून समोरच्या दुसऱ्या डॉक्टरांनी पेढे वाटले असतील. वाटोत.

वेइ साहेब परवा आले होते, रोगी म्हणून. विश्रांतीवर व्याख्यानं देऊन देऊन आवाज पूर्ण गेला आहे. मी त्यांना वर बघून, नाव घेऊन सांगितलं, दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी कागदावर लिहिलं: "अशक्य. रविवारी शिबिर आहे." मी विचारलं, रात्री झोप लागते का? त्यांनी नुसती मान हलवली. नाही. मी त्यांना चहा पाजला. बाहेर लोक दार ठोठावत होते.

पहिल्या बुधवारी दार बंद करून मी वर गेलो. आई नव्हती. शेजारणींबरोबर देवळाच्या अंगणात नाचाच्या वर्गाला जाते, हे मला माहीतच नव्हतं. मी बसलो. काय करायचं ते सुचेना. टीव्ही लावला, बंद केला. खिडकीतून पाहिलं, माझ्या दवाखान्याच्या पाटीतलं एक अक्षर विझलेलं आहे. किती दिवसांपासून कोण जाणे.

उजेड असतानाच ती आली. दारात चपला काढता काढता मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. पिशवी छातीशी धरली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं."

"मग ताईला काही?"

"नाही. दवाखाना बंद आहे. घरी आलोय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खोटं बोलतोय का, ते बघत असावी. मग पिशवी ओट्यावर ठेवली आणि लसणाचा गड्डा माझ्यापुढे सरकवला.

"बसलाच आहेस तर सोल," म्हणाली.

पेइलिन